गोल्फमध्ये ड्रायव्हर मारला की बॉल उजवीकडेच वळतो, हा स्लाइस घालवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की सात नंबरचा आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, बऱ्यापैकी सरळ जातो, पण ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, हातात घेतला की बॉल आधी डावीकडे निघतो आणि मग विळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडीत जातो. डावीकडे तोंड करून उभं राहून पाहिलं, जोर लावून पाहिला, आता नवा ड्रायव्हर घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

नका घेऊ. मी घेतला होता. स्लाइस कमी करणारा, डोक्यातलं वजन दांड्याच्या बाजूला सरकवलेला, खिशाला चांगलाच चटका लावून गेलेला. पहिल्या दिवशी बॉल झाडीच्या दहा पावलं अलीकडे पडला, म्हणून मी बरोबरच्या सगळ्यांना चहा पाजला. पंधरा दिवसांत बॉल पुन्हा झाडीत. क्लब नवा होता, हात जुनेच होते.

मी सोलापूरचा, टॉवेलच्या धंद्यातला. इथं गोल्फ खेळतो म्हटलं की लोक एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पोटाकडे बघतात. व्यापाऱ्यांकडे पुण्याला जाणं असतं, तेव्हा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बॅग घेऊन चढतो. ‘काका, यात बंदूक आहे का?’ हा प्रश्न किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. सांगायचा मुद्दा, मी शिकवणारा नाही. दोन वर्षं स्लाइस भोगलेला आणि नंतर त्यातून बऱ्यापैकी सुटलेला माणूस आहे. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहितोय, डावखुरे असाल तर उलटं करून वाचा.

आधी बॉल का वळतो ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसती कसरत होईल. क्लब बॉलला टेकतो तो वेळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्यात दोनच गोष्टी ठरतात: फेसचं, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूचं, तोंड कुठे आहे आणि क्लब कुठून कुठे चाललाय. बॉल निघतो तो बहुतांशी फेसच्या दिशेने, ड्रायव्हरच्या बाबतीत साधारण 80 ते 85 टक्के. वळतो तो या दोन दिशांमध्ये जेवढा फरक असेल त्या मानाने. पूर्वी उलटं शिकवायचे, की बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि शेवटी फेसच्या दिशेला येतो. रडारवर चालणारी मोजणीची यंत्रं आली आणि ते चुकीचं ठरलं. अजूनही जुने लोक तसंच सांगतात, मान डोलवायची आणि पुढे जायचं.

आता तुमचा बॉल बघा. निघतो डावीकडे, म्हणजे बॉलला लागताना तुमचा फेस चक्क डावीकडे बघतोय. आणि तरीही बॉल उजवीकडे वळतो, म्हणजे तुमचा स्विंग फेसपेक्षाही जास्त डावीकडे चाललाय. क्लब बाहेरून येतो आणि बॉलला कापत आत जातो. लेगस्पिनरची बोटं चेंडूला जशी बाजूने घासून जातात, त्याच जातीचा प्रकार.

बॉलला फिरकी नको असं मात्र समजू नका. फिरकीशिवाय ड्राइव्ह हवेत टिकतच नाही. स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात हेच दाखवून दिलं, की मागच्या बाजूला फिरणाऱ्या बॉलला हवा वर उचलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी 1896 आणि 1898 साली ब्रिटनची ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकला, म्हणजे घरात गणित आणि खेळ दोन्ही होतं. तर बॉल ज्या आसाभोवती फिरतो तो आडवा असला तर बॉल सरळ वर जातो, उजवीकडे कलला तर तीच उचल बॉलला उजवीकडे ओढते. स्लाइस म्हणजे कललेला आस, बाकी काही नाही. सात नंबरच्या आयर्नला लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, जास्त असतो, मागची फिरकी भरपूर मिळते, त्यामुळे तेवढीच चूक असूनही आस कमी कलतो. ड्रायव्हर ती चूक झाकत नाही. तुमचा आयर्न ‘सरळ’ जातो हे म्हणूनच अर्धसत्य आहे. रोग दोन्हीकडे एकच आहे.

आता या रोगाची खरी खोड सांगतो, कारण मी दोन वर्षं इथंच अडकलो होतो. बॉल उजवीकडे जातो म्हणून आपण डावीकडे तोंड करून उभं राहतो. खांदे डावीकडे वळले की स्विंग आणखी डावीकडे जातो. स्विंग आणखी डावीकडे गेला की फेस आणि स्विंग यातला फरक वाढतो आणि बॉल आणखी उजवीकडे वळतो. मग आपण आणखी डावीकडे वळतो. एकदा मी जवळजवळ शेजारच्या फेअरवेकडे, म्हणजे बाजूच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याकडे, तोंड करून उभा होतो, तेव्हा बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, ‘साहेब, बॉल कुठं जातो ते सोडा. आधी डावा हात बघा.’

डाव्या हाताची माझी पकड बॅटची होती. पार्क मैदानावर क्रिकेट खेळून मोठी झालेली माझ्यासारखी माणसं गोल्फमध्ये स्लाइस घेऊनच येतात. कव्हर ड्राइव्हला डावं कोपर उंच, बॅटचं तोंड थोडं उघडं, खालचा हात ढिला. तिथं ते देखणं दिसतं. गोल्फमध्ये तेच केलं की फेस मिटतच नाही, म्हणजे डावीकडे वळून स्विंगच्या दिशेला येत नाही.

तर पहिलं काम ग्रिप. डावा हात दांड्यावर ठेवल्यावर खाली बघा. मुठीची दोन, अडीच, पार तीन टेंगळं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे फिरवा. दांडा तळहाताच्या मधून नको, बोटांच्या मुळांशी हवा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये जी खाच होते, ती उजव्या खांद्याकडे बघायला हवी. पहिले चार दिवस हे इतकं विचित्र वाटेल की आपण काहीतरी चुकतोय असंच वाटत राहील. वाटू द्या. आणि मूठ आवळू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घाम इतका येतो की क्लब सुटेल या भीतीने माणूस दांडा पिळून काढतो. आवळलेल्या मनगटाने फेस वळत नाही. दर दोन शॉटनंतर हात आणि ग्रिप पुसा. टॉवेल कुठला ते मी सांगायला नको.

दुसरं, फेस मिटवायचा कसा. याला माझ्याकडे एक खात्रीचा उपाय आहे, पण तो चाळिशीच्या पुढच्यांनाच कळेल. जुना चेतक आठवतो? डाव्या मुठीत गिअर. दुसऱ्यावरून तिसऱ्यात टाकताना डावी मूठ जशी पुढे, खालच्या बाजूला वळते, अगदी तेच डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली येणं, सुरू होताना डाव्या मनगटाने करायचं. टेंगळं जमिनीकडे. घड्याळाच्या पट्ट्याजवळची मागची बाजू आत मुडपलेली नसावी, सपाट किंवा किंचित बाहेर फुगलेली हवी. चेतक न चालवलेल्या पोरांनी घरच्या कुणालातरी विचारावं.

एवढं केलं की एक गंमत होईल. बॉल वळायचा थांबेल आणि सरळ डावीकडे जाऊ लागेल. तुम्ही म्हणाल, या माणसाने आणखी बिघडवलं. नाही हो, ही प्रगती आहे. फेस आणि स्विंग आता एका दिशेला आले, फक्त ती दिशा डावी आहे. इथं घाबरून जुन्या ग्रिपवर परत जाऊ नका. बहुतेक लोक इथंच परत जातात, मी दोनदा गेलो. चार-सहा वेळा बॉल डावीकडे गेला की शरीरालाच कळतं आता उजवीकडे मारायला हवं. तेव्हा डावीकडे तोंड करायचं बंद करा आणि स्विंगला हात घाला.

त्यासाठी एक टॉवेल गुंडाळून बॉलच्या पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर आणि बॉलच्या किंचित मागे ठेवा. क्लब बाहेरून आला तर आधी टॉवेलला लागेल. काही न बोलता सांगणारा गुरू आहे तो. सुरुवातीला बॉलशिवाय करा, मग अर्ध्या स्विंगने, मग पूर्ण. टॉवेल चुकवायचा म्हणजे क्लब आतून यायला लागतो, आणि तो आतून येण्यासाठी उजवं कोपर बरगडीच्या पुढे यावं लागतं. हिप्परग्याच्या तलावावर चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात जावा म्हणून लहानपणी कसा फेकायचो? कोपर आधी पुढे, हात मागून, अंग आडवं. तसंच. वरून खांद्याने हाणलं की दगड बुडतो, तसा इथं बॉल कापला जातो.

दुसरा टॉवेल, लहान नॅपकिन, डाव्या काखेत धरा आणि अर्ध्या स्विंगने मारा. बॉल गेल्यानंतरही नॅपकिन काखेत राहिला पाहिजे. पडला म्हणजे तुमचं कोपर अजून कव्हर ड्राइव्ह मारतंय.

ड्रायव्हरपुरत्या तीन-चार गोष्टी उरतात. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला हवा, अंगठ्याच्या पुढे नको. फार पुढे ठेवला की क्लब तिथं पोचेपर्यंत आत वळायला लागलेला असतो, खांदेही उघडतात. टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, एवढी उंच की बॉलचा निम्मा भाग ड्रायव्हरच्या डोक्यावर दिसेल. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. ड्रायव्हर लांब वाटत असेल तर इंचभर खाली धरा, दुकानातले बहुतेक ड्रायव्हर 45 इंचांच्या पुढेच असतात आणि ती लांबी आपल्यासारख्यांना झेपतेच असं नाही. लॉफ्ट नऊ अंशांचा असेल तर मित्राचा साडेदहा किंवा बारा अंशांचा मारून बघा, वर सांगितलेल्या कारणामुळे त्याने स्लाइस कमी दिसतो. माझा जुना ड्रायव्हर नऊ अंशांचा होता. मर्दानगीपायी घेतला होता, दुसरं कारण नाही.

आणि हे तपासल्याशिवाय वरचं काहीच करू नका: बॉल फेसवर कुठे लागतो? बॉलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका काढा, तो फेसच्या बाजूला येईल असा टीवर ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. मार्कर नसेल तर अंगाला लावायची पावडर फेसवर हलकी पुसली तरी चालते. ठिपका दांड्याच्या बाजूला उमटत असेल तर अर्धा स्लाइस तिथूनच येतोय. कडेला लागल्यावर डोकं एका बाजूला फिरतं आणि बॉल त्याच्या उलट फिरतो, मागावरची दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून उलट फिरतात तसं. तेव्हा ग्रिपला हात लावण्याआधी बॉलपासून अर्धं पाऊल मागे सरका. माझ्या एका व्यापारी मित्राचा स्लाइस एवढ्यानेच निम्मा झाला. त्याने मला जेवण दिलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी, पण दिलं.

सराव कुठे करायचा? तुम्ही गाव लिहिलेलं नाही, पण रेंज, म्हणजे सरावाचं मैदान, जवळ नसेल तर माझी पद्धत सांगतो. संध्याकाळी ऊन उतरलं की गच्चीवर बॉलशिवाय पन्नास स्विंग, टॉवेल ठेवून. बॉल गच्चीवर अजिबात नको, फोमचासुद्धा, कारण ‘आज एकदाच खरा मारून बघू’ हा मोह होतो. शेजारची पाण्याची टाकी मी याच मोहापायी भरून दिली आहे. थंडीच्या शेवटी ज्वारी निघाल्यावर मेव्हण्याच्या रानात जाळी बांधतो. उन्हाळ्यात तिथंही जात नाही. काळ्या मातीला तेव्हा भेगा पडतात, आणि भेगेत गेलेला बॉल म्हणजे पेरलेला बॉल, उगवत मात्र नाही. जाळी नसेल तर रानात मारू नका. बांधावरून कोण चाललंय ते आपल्याला दिसत नाही, आणि 46 ग्रॅमचा तो बॉल डोक्यात बसला तर खेळ तिथंच संपतो.

एका दिवशी एकच गोष्ट धरा. आज ग्रिप तर आज ग्रिपच. मी एकदा पाच व्हिडिओ बघून पाचही सूचना एकाच स्विंगमध्ये घालायला गेलो, तर बॉल टीवरून खाली पडला आणि क्लब वरून निघून गेला. सात नंबरच्या आयर्नने ग्रिप पक्की झाल्याशिवाय ड्रायव्हर बाहेर काढू नका, आणि काढलात की पहिल्या आठवड्यात निम्म्या जोराच्या वर जाऊ नका.

माझा बॉल आजही शेवटी थोडा उजवीकडे झुकतो, पाच-सात पावलं. तो मी ठेवलाय, मोजून फेअरवेच्या डाव्या कडेने मारतो. पंधरा दिवसांनी तुमचा बॉल सरळ डावीकडे जाऊ लागला तर इथंच खाली लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल. आणि अजूनही वळतच असेल तर डाव्या हाताच्या ग्रिपचा वरून काढलेला फोटो टाका, चेहरा नको.