मंत्र्यांच्या शेऱ्यावर पगार होत नाही

प्रश्न असा आहे: "कनिष्ठ महाविद्यालयं अनुदानासारख्या मागण्या मंत्र्यांकडून कशा मंजूर करून घेतात? त्यासाठी ओळख लागतेच का?"

ओळख लागतेच, असं आमच्या संस्थेचे सचिव मला वर्षानुवर्षं सांगत आले. मी विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. २००८ मध्ये लागले तेव्हा महिन्याला साडेतीन हजार हातात पडायचे, तेही दिवाळीनंतर एकदम. "साहेबांचं मंत्र्यांशी चांगलं आहे, तुम्ही वर्गाकडे बघा," हे वाक्य मी स्टाफरूममध्ये किती वेळा ऐकलं असेल!

एका हिवाळी अधिवेशनाला आम्ही नागपूरला गेलो. सचिव, दोन संचालक आणि शिक्षकांपैकी तिघं. एका ओळखीच्या आमदारांमार्फत विधान भवनाचे पास मिळाले होते. बाहेर मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला आमच्यासारख्याच शिक्षकांचा मोर्चा पोलिसांनी अडवलेला. त्यांच्यात माझी बी.एड.ची मैत्रीण होती. मी आत गेले, ती थंडीत रस्त्यावर बसली. आत मंत्र्यांनी उभ्याउभ्याच निवेदन घेतलं, शाल घेतली, फोटो झाला आणि निवेदनाच्या कोपऱ्यात शेरा आला: "तपासून सादर करावे." सही. सचिवांनी त्या पानाचे झेरॉक्स काढले. गावी परतल्यावर पेढे वाटले. माझ्या सासऱ्यांनी तर देवापुढे नारळ फोडला.

मंत्रालयात रोज असे शेकडो कागद येतात आणि बहुतेकांवर हाच शेरा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की खालच्या माणसाने बघावं. खालच्या माणसाने बघितलंच नाही, तर तो कागद तिथेच राहतो.

आठ महिने गेले. शेवटी मीच रजा टाकून आधी विभागीय शिक्षण उपसंचालक कार्यालयात आणि मग पुण्याला शिक्षण संचालनालयात गेले. तिथल्या लिपिकबाईंनी पाच मिनिटांत फाइल काढून दाखवली. अनुदानासाठीच्या मूल्यांकनात आमचं कॉलेज त्रुटीत, म्हणजे कागद अपुरे असलेल्यांत, होतं. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणातलं ते दाखवणारी नोंद, मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित केलेली नव्हती. त्रुटी पूर्ण करा असं पत्र संस्थेला दोनदा गेलं होतं, त्याची पोच फाइलला लावलेली होती, आणि पोचेवर आमच्याच कार्यालयाचा शिक्का होता. म्हणजे आम्ही नागपुरात शाल देत होतो तेव्हा ते पत्र सचिवांच्या कपाटात पडून होतं. त्या एका कागदापायी आमच्या अकरा जणांचं नाव अनुदानाला पात्र ठरलेल्यांच्या यादीत आलं नाही. मी हे बैठकीत बोलले तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, वरच्या गोष्टी तुम्हाला कळत नाहीत." मला त्या पुरेपूर कळल्या होत्या.

तर मागणीचा खरा रस्ता असा. प्रस्ताव उपसंचालकांकडून संचालनालयात, तिथून मंत्रालयात शालेय शिक्षण विभागात, मग वित्त विभागाकडे आणि शेवटी मंत्रिमंडळासमोर. मंत्री हो म्हणाले तरी वित्त विभाग परत पाठवू शकतो. शासन निर्णय निघाला तरी अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद नसेल तर पगार होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टप्पा अनुदान, म्हणजे टप्प्याटप्प्याने मिळणारं पगाराचं अनुदान, वाढवण्याचा शासन निर्णय निघाला, पण पैशांची तरतूद झाली नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षकांना आझाद मैदानावर पावसात बसावं लागलं. तेव्हा कुठे सरकार हललं. २००१ मध्ये आमच्या माथी मारलेला "कायम विनाअनुदानित" मधला, म्हणजे अनुदान कधीच नाही असं सांगणारा, "कायम" हा शब्द शाळांसाठी २००९ मध्ये आणि कनिष्ठ महाविद्यालयांसाठी २०१४ मध्ये निघाला. तो कुणाच्या ओळखीने निघालेला नाही, वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्यांनी काढायला लावला.

आमच्या हातात खरं वजन असलेली गोष्ट एकच आहे: बारावीच्या उत्तरपत्रिका. २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या महासंघाने तपासणीवर बहिष्कार टाकला. तपासणीवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांच्या बैठकाच झाल्या नाहीत. मग तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर चर्चेला बसले आणि मार्चच्या सुरुवातीला बहिष्कार मागे घेतला गेला. मुलांना वेठीला धरता, असं लोक म्हणतात. मी त्या बहिष्कारात होते आणि परत वेळ आली तर परत असेन. निकालाची तारीख धोक्यात येईपर्यंत आम्हाला कुणी खुर्चीही देत नाही.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, त्यांचाही उपयोग करा. आमदारांकडे शाल घेऊन जाऊ नका. प्रस्तावाचा क्रमांक, तो कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते आणि त्रुटीपूर्ततेची पोच, एवढं एका पानावर लिहून द्या. त्यावरून सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लागली, की विभागाला लेखी उत्तर तयार करावं लागतं आणि त्यासाठी फाइल उघडावीच लागते. आमची फाइल अशीच उघडली. त्रुटी मी आणि एका सहकारी सरांनी पूर्ण केली, सचिवांनी फक्त सही केली.

हे सगळं अनुदानाच्या रांगेतल्या कनिष्ठ महाविद्यालयांपुरतं आहे. इंजिनीअरिंग-मेडिकलचं जग निराळं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट करून दिली, आणि पुढे त्यातले कितीतरी संस्थापक स्वतःच मंत्रिमंडळात बसले. त्यांना निवेदन द्यायला कुठे जावं लागत नाही. आणि ओळख अगदीच निरुपयोगी, असंही नाही. पास मिळतो, पीए फोन उचलतो, कधी बैठकीची तारीख लवकर लागते.

तुमच्या कॉलेजचा प्रस्ताव गेला असेल तर उद्याच संस्थेच्या कार्यालयात जा आणि आवक नोंदवही मागा. त्रुटीचं पत्र आलं आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नोंदवही दाखवायला नाही म्हणाले, तर उपसंचालक कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात.