डोळ्यांचे प्रश्न : मोतिया म्हणजे नेमका कुठला, पांढरा की काळा?

यावेळी पत्रं खूप आलीत, सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही म्हणून पाच घेतलीत. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय, कारण तोच गोंधळ मला इथे इंदूरला ओपीडीत सारखा दिसतो आणि त्यापायी चांगली नजर गेलेली माणसं मी बघितली आहेत.

प्रश्न : आम्ही रामबागेत राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एका कॅम्पमध्ये "मोतिया है" असं सांगितलं, तेव्हापासून त्या म्हणतात पिकला की काढू. पोथी वाचता येते त्यांना, पण हल्ली बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला हात लागून सांडतो, जिना उतरताना पायरी चुकते. थांबावं का अजून?

नाही ताई, थांबू नका, याच आठवड्यात दाखवा.

आपल्याकडे हिंदी-मराठी मिसळून बोलतो ना, तिथेच घोटाळा होतो. मोतिया म्हटलं की आपण मोतीबिंदू समजतो, म्हणजे डोळ्यातली लेन्स गढूळ होणं. पण इथे लोक काळा मोतिया पण म्हणतात, तो म्हणजे काचबिंदू, ग्लॉकोमा, आणि तो पूर्ण वेगळा आजार आहे. मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं, रात्री समोरच्या गाडीचे लाईट पसरतात, ऑपरेशन केलं की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाते, बहुतेक वेळा आतल्या प्रेशरमुळे, आणि जेवढी नस गेली तेवढी नजर कायमची गेली, ती कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. उपचार असतात ते उरलेली नजर वाचवायला.

तुम्ही लिहिलंय पोथी वाचता येते पण पेला सांडतो, तिथेच मी थबकले. काचबिंदूत बहुतेकदा कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणून माणूस पेपर वाचतो, टीव्ही बघतो, आणि दुखत तर काहीच नाही, त्यामुळे कळत नाही. शिवाय एका डोळ्यात कमी पडलेलं दुसरा डोळा भरून काढतो. (हे अचानक एका दिवसात सुरू झालं असेल, बोलण्यात किंवा हातापायात फरक असेल, तर मेंदूचं कारण असू शकतं, मग डोळ्यांच्या डॉक्टरची पण वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.)

नुसता नंबर काढून येऊ नका. प्रेशर मोजायला सांगा, साधारण १० ते २१ नॉर्मल धरतात पण १६-१७ प्रेशर असून पण नस खराब होणारे लोक असतात, म्हणून औषध घालून बाहुली मोठी करून नस बघणं महत्त्वाचं. तेवढं झालं की फील्ड टेस्ट. त्यात एका पांढऱ्या गोल भांड्यासारख्या मशीनमध्ये तोंड ठेवून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक लाईट लागला की हातातलं बटण दाबायचं. सासूबाईंना घरीच समजावून न्या, कारण म्हातारी माणसं घाबरून लाईटच्या मागे डोळे फिरवतात आणि रिपोर्ट चुकतो. पहिला नीट आला नाही तर पुन्हा करतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.

काचबिंदू निघाला तर ड्रॉप्स लागतील, बहुतेक जन्मभर. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टिमोलॉलसारख्या ड्रॉप्सने दमा वाढू शकतो. आणि ड्रॉप घालायची पद्धत : खालची पापणी जरा ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं. लाल डोळा नाही, दुखत नाही, मग कशाला घालू असं म्हणून लोक सहा महिन्यांत बंद करतात, तेवढं होऊ देऊ नका. आणि तुमच्या यजमानांना, नणंदांना पण एकदा तपासून घ्या, हा आजार घरात चालत येतो.

समजा साधा मोतीबिंदूच निघाला तरी पिकायची वाट बघायची नाही. पिकू देणं ही जुन्या ऑपरेशनची गोष्ट. आता दोन-तीन मिलीमीटरच्या छेदातून लेन्स आतच फोडून ओढून घेतात, ती दगडासारखी कडक झाली तर उलट त्रास वाढतो, आणि फारच पिकली तर त्यातूनच प्रेशर वाढू शकतं. खर्चाची अडचण असेल तर इथल्या सरकारी एमजीएम मेडिकल कॉलेजच्या स्कूल ऑफ एक्सलन्स फॉर आय मध्ये दाखवा.

प्रश्न : सांवेरजवळ आमची शेती आहे. गहू काढताना धाकट्या भावाच्या डोळ्यात कुसळ गेलं. मेडिकलवरून ड्रॉप्स आणले, दोन दिवस बरं वाटलं, आता बुबुळावर पांढरा ठिपका आलाय आणि उजेड सहन होत नाही.

तुम्हाला फोनवर लगेच निघायला सांगितलंच होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहितेय कारण माळव्यात गव्हाच्या नि सोयाबीनच्या दिवसांत हेच होतं. कुसळाने बुबुळावर ओरखडा येतो आणि पिकावरची बुरशी त्यात शिरते. मेडिकलवाला लाली घालवायला बऱ्याचदा स्टेरॉईडवाले ड्रॉप्स देतो, नावात डेक्सा, प्रेडनी, बीटा असं काहीतरी असतं, त्याने लाली उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि खाली बुरशी मोकाट वाढते. पांढरा ठिपका म्हणजे अल्सर. डॉक्टर तो जरासा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशी असेल तर नाटामायसिन नावाचे ड्रॉप्स सुरू करतात, सुरुवातीला दर तासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. बरा झाल्यावर पण मधोमध फूल पडलं तर नजर कमी राहते, कधी बुबुळ बदलायची पाळी येते. म्हणून कुसळ गेलं की चोळायचं नाही, जिभेने काढणाऱ्या बाईकडे जायचं नाही, दूध-मध-गुलाबजल काहीही घालायचं नाही. मळणीला साधा प्लास्टिकचा गॉगल लावा हो, त्याने डोळा वाचतो.

प्रश्न : यजमानांना आठ वर्षांपासून शुगर आहे, पण दिसायला एकदम क्लिअर. तरी डोळे तपासायचे का?

हो, दिसतंय तोवरच तपासायचे. शुगरने डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या (रेटिना) बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि सुरुवातीला काहीच कळत नाही. टाईप २ असेल तर शुगर कळली त्याच दिवसांत पहिली तपासणी आणि मग दरवर्षी, बाहुली मोठी करून. तुमची आठ वर्षं झालीत, म्हणजे उशीर झालाच आहे पण बहुतेकदा वेळ गेलेली नसते. लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पण शुगर, बीपी नि कोलेस्टेरॉल ताब्यात नसेल तर आम्ही बांध घालत बसतो आणि पाणी येतच राहतं. बाहुली मोठी केली की चार-पाच तास धूसर दिसतं, स्कूटर चालवत येऊ नका. आणि अचानक काळे ठिपके नाचले, विजेसारखं चमकलं किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी या, शुगर असो वा नसो.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, टीव्हीच्या अगदी जवळ बसते. चष्मा लावला तर नंबर वाढेल का?

चष्म्याने नंबर वाढत नाही. न लावल्याने मात्र एक डोळा आळशी, म्हणजे कमी दिसणारा, राहू शकतो आणि तो लहानपणीच सुधारतो, मोठेपणी फार अवघड. एकेक डोळा झाकून कालनिर्णयवरची तारीख वाचायला लावा, पण वाचली तरी खरी तपासणी कराच. आणि रोज दीड-दोन तास उन्हात-उजेडात खेळू द्या.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) मुलगा राजवाड्यावर जाणारच आहे, लेन्स लावतो. काय काळजी घ्यावी?

त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच जायचं, रंग लेन्समध्ये बसतो. जुना चष्मा चालेल. गुलाल गेला तर न चोळता साध्या पाण्याने धुवा. पाण्याचा फुगा जोरात लागून दिसायला कमी झालं किंवा बुबुळाच्या आत रक्त दिसलं तर लगेच दवाखाना.

याच्याच जोडीला एक सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. पानाच्या चुन्याची पुडी पोरांच्या हाती देऊ नका. पिचकून फुटते आणि सरळ डोळ्यात उडते. २०२५ च्या दिवाळीत आपल्या मध्य प्रदेशात कार्बाईड गनने (पाईपच्या देशी फटाका-बंदुकीने) किती पोरांचे डोळे भाजले ते आपण पाहिलंच, त्यात पण तोच प्रकार होता, कार्बाईड पाण्यात पडलं की गॅस होतो आणि मागे चुनाच राहतो, म्हणजे भाजणं पण आणि चुना पण. चुना आत आत शिरत जातो, ॲसिडपेक्षा वाईट. असं झालं तर हॉस्पिटलला पळायच्या आधी नळाखाली धरा, पापण्या उघडून, पोर कितीही ओरडलं तरी, किमान वीस मिनिटं घड्याळ लावून. पापणीखाली चुन्याचे कण असतील तर ओल्या स्वच्छ कापडाने पुसून काढा, आणि रिक्षात बसल्यावर पण बाटलीतून पाणी सोडत राहा.