‘टिपिंग पॉइंट’ गाठला की ओलांडला?

प्रश्न असा आला आहे: “प्रवाळभित्तींनी ‘निर्णायक टप्पा गाठला’ असे वाचले. इथे ‘गाठला’ हवे की ‘ओलांडला’? आणि ‘शिफ्टिंग बेसलाइन’ला ‘सरकती आधाररेषा’ म्हणतात, ते योग्य आहे का?”

‘टिपिंग पॉइंट’ म्हणजे ती मर्यादा, जिच्यापलीकडे बदल सहज मागे फिरत नाही; ‘निर्णायक टप्पा’ हे त्याचेच रूढ भाषांतर. क्रियापदाकडे नंतर येतो, कारण खरा राग ‘निर्णायक टप्प्या’चा आहे. हा शब्द ऐकून ऐकून कान किटले. टप्पा प्रवासात असतो. तो गाठायचा असतो, गाठला की जरा विसावायचे आणि पुढच्या टप्प्याकडे निघायचे. आता मूळ बातमी पाहा. ऑक्टोबर २०२५मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या पुढाकाराने निघालेला अहवाल सांगतो की उष्ण पाण्यातल्या प्रवाळभित्ती औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.२ अंश सेल्सिअस तापमानवाढीलाच टिकेनाशा होतात, आणि जग सुमारे १.४ अंशांवर येऊन ठेपले आहे. जानेवारी २०२३पासून सुरू झालेल्या विरंजनाच्या लाटेत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला प्रवाळ पांढरे पडावेत इतक्या उष्णतेची झळ बसली. याला टप्पा म्हणायचे? आणि ‘निर्णायक’ म्हणताना निर्णय कोणी घेतला, तेही कोणी सांगत नाही.

‘कलाटणी’ त्यापेक्षा बरी, पण एकदा कलाटणी मिळालेल्या कथेला दहा पानांनी दुसरी मिळू शकते. ‘कडेलोट’ सुचवणारे बरेच आहेत आणि त्यांचा शब्द जोरकस आहे हे मान्य. तरी तो इथे चुकीचाच. कडेलोटात कोणीतरी लोटतो, आणि लोटलेला संपतो. प्रदूषणाने बिघडलेले तळे संपत नाही. ते वेगळ्याच स्थितीत ठाण मांडून बसते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मराठीत यासाठी शब्द घडवण्याची गरजच नाही, तो तयार आहे: कलंडणे.

आधी ‘कल’ घ्या. मतांचा कल, मनाचा कल. विज्ञानात ज्याला ट्रेंड म्हणतात तोच हा. मग ‘कलणे’: उन्हे कलतात, भिंत कलते, मान कलते. यात झुकणे आहे, पडणे नाही. आणि मग ‘कलंडणे’: तोल गेला, वस्तू आडवी झाली. कल, कलणे, कलंडणे. हवामानशास्त्राने गेल्या काही दशकांत जे मांडले ते एका शब्दाच्या तीन पायऱ्यांत आले आहे. यांच्या मधला एक शब्दही आपल्याकडे आहे, ‘सावरणे’. कललेली वस्तू धक्क्यानंतर जोवर सावरते तोवर ती कलंडलेली नसते. सावरायला जास्त जास्त वेळ लागू लागला की समजावे, तोल जात आला. उपग्रहांच्या नोंदींवरून २०२२मध्ये ॲमेझॉनच्या जंगलाबद्दल नेमके हेच दाखवले गेले: एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भागाची सावरण्याची ताकद घटली आहे.

आता माझा आवडता तर्क. ‘कलणे’चे ‘कलंडणे’ झाले, तसेच ‘लवणे’चे ‘लवंडणे’ झाले. लवणे म्हणजे वाकणे, लवंडणे म्हणजे आडवे होणे. दोन्ही जोड्यांत मधला ‘अंड’ एकच काम करतो: झुकण्याच्या क्रियेला तिच्या शेवटापर्यंत नेतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. माझ्या मते हा मराठीचा एक जुना, आता नवे शब्द न घडवणारा प्रत्यय आहे. ‘ओलांडणे’ मी या कुळात ओढत नाही, त्याचे घर वेगळे. कोशांत कलणे आणि कलंडणे एकमेकांच्या अर्थांत घालून मोकळे होण्याची जी रीत आहे, ती मला मुळीच मान्य नाही. भिंत कलली तर टेकू देतात. कलंडली तर नव्याने बांधतात. हा फरक ज्या कोशात दिसत नाही, त्याने बोलणाऱ्यांचे ऐकलेले नाही. लवंडणेही वेगळे ठेवावे. दुपारी लवंडलेला माणूस तासाभराने आपणहून उठतो.

कलंडलेली वस्तू आपणहून उठत नाही. जड रांजण कलंडायला शेवटी एक बोट पुरते, उभा करायला चार माणसे लागतात. शास्त्रात याला हिस्टेरेसिस म्हणतात. हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ईविंग यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला चुंबकांच्या अभ्यासात ग्रीकमधून घडवला, मागे रेंगाळणे या अर्थाने. नेदरलँड्समधल्या व्हेलुवे या उथळ तळ्यात हा प्रकार लख्ख दिसला. फॉस्फरस वाढत गेला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस तळाच्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या, पाणी गढूळ झाले. पुढे फॉस्फरस कमी केला, पण ज्या पातळीला वनस्पती गेल्या त्या पातळीला त्या परतल्या नाहीत. पातळी त्याहून खूप खाली आणावी लागली, तेव्हा १९९०च्या दशकात तळे पुन्हा नितळले. ‘पॉइंट’मधला ‘बिंदू’ही म्हणूनच मला खटकतो. ग्रीनलँडचा हिमस्तर किती तापमानवाढीला कलंडेल, याचा २०२२च्या एका मोठ्या आढाव्यातला मधला अंदाज १.५ अंशांचा आहे आणि पल्ला ०.८पासून ३ अंशांपर्यंत. एवढ्या रुंद पट्ट्याला बिंदू कसे म्हणावे? नाम हवेच असेल तर पेरणी, मांडणीसारखे ‘कलंडणी’ म्हणा.

राहिली आधाररेषा. ‘सरकती आधाररेषा’ चूक नाही, पण निर्जीव आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५मध्ये मासेमारीबद्दल ही कल्पना मांडली: प्रत्येक पिढीतला संशोधक आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा समुद्र मूळचा धरतो आणि घट तिथून मोजतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ बेटावर हौशी मासेमारांनी धक्क्यावर मिरवलेल्या माशांचे जुने फोटो संशोधक लॉरेन मॅकक्लेनाकन यांनी तपासले. १९५०च्या दशकात अशा माशाचे सरासरी वजन २० किलोंच्या जवळपास होते, २००७मध्ये २.३ किलो. दोन्ही मासे त्या त्या दिवशी फोटो काढण्याजोगे वाटले होते.

गवंडी भिंतीचा कल ओळंब्याने पाहतो. ओळंबा म्हणजे संस्कृत ‘अवलंब’, लोंबणारा. शिफ्टिंग बेसलाइन म्हणजे ओळंबा न लावता शेजारच्या, आधीच कललेल्या भिंतीवरून नवी भिंत रचणे. मी ‘हरवलेला ओळंबा’ म्हणेन. ओळंबा नसेल तर कल दिसत नाही, आणि कल दिसला नाही तर कलंडणे अचानक घडल्यासारखे वाटते. हे दोन शब्द म्हणूनच शेजारी शेजारी ठेवायचे.

‘गाठला’ की ‘ओलांडला’? ‘गाठला’ नकोच. इंग्रजी शब्द तसाच ठेवणार असाल तर ‘ओलांडला’ चालेल. मराठीत लिहिणार असाल तर दोन्ही नकोत: “प्रवाळभित्ती कलंडू लागल्या आहेत.” काही भित्ती अजून सावरत आहेत, म्हणून ‘कलंडल्या’ असा पूर्ण भूतकाळ अजून नको.