वाचक विचारतात : लिहिलं की शिक्का बसतो, मग लिहू का नको?

प्रश्न : नमस्कार काका, मी मालवण तालुक्यातली, नाव-गाव छापू नका प्लीज. बाबा रापणकर, आयुष्य रापण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढण्यात गेलं. भाऊ मात्र रत्नागिरीकडे पर्ससीन बोटीवर (मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच घेरून उचलणारी यांत्रिक बोट) खलाशी आहे, कारण रापणीच्या वाट्यावर आता घर चालत नाही. आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी मासेमारीवर लेख लिहिला. पर्ससीनने मासळीचं वाटोळं होतंय हे लिहिलं, आणि त्या बोटींवर राबणारी पोरं पण गरीबच आहेत, त्यांना चोर म्हणू नका हे पण लिहिलं. झालं, वाडीत मी "पर्ससीनवाल्यांची" झाले, एकाने तर बाबांना विचारलं पोरीला किती मिळाले. तिकडे भावाच्या शेठने त्याला सुनावलं की तुझी बहीण आमच्या पोटावर उठलीय. आता पुढच्या वेळी गुळमुळीत लिहू, टोपणनावाने लिहू, का गप्पच बसू?

उत्तर : लेखाचे फोटो पाठवलेस ते बरं झालं, नाहीतर मी पण हवेतच बोललो असतो.

गुळमुळीत लिहिण्याचं आधी डोक्यातून काढ, कारण तुझ्या लेखात जिथे गुळमुळीत झालंय नेमकं तिथेच लोकांनी तुला धरलंय. वाक्य असं आहे, "काही जणांच्या मते या परिस्थितीला थोडेफार सगळेच जबाबदार आहेत." हे काही जण कोण गं? भाऊ? शेठ? का तूच? आणि सगळेच म्हणजे रापणवाले पण का? भांडण नको म्हणून तू हे घातलंस ते कळतंय मला, पण ज्याच्या जाळ्यात टोपलीभर तारली पण येत नाही तो माणूस हे वाचून काय म्हणणार, की हिला बोलायचंय काहीतरी आणि बोलतेय दुसऱ्याच्या तोंडून.

दुसरं, भाऊ त्या बोटीवर आहे हे लेखात कुठेच नाही. तू लपवलंस असं मी म्हणत नाही, घरातली गोष्ट म्हणून राहिलं असेल. पण गाव कोकणातलं आहे, तुमच्याकडे काल कालवण कसलं होतं ते चार घरं सोडून माहीत असतं, तिथे भावाची नोकरी कोणाला माहीत नाही? तू नाही सांगितलंस म्हणून त्यांनी ते आपापल्या मनाने जोडलं आणि जोडताना पैशाचं पण जोडून टाकलं. सुरुवातीलाच "माझा भाऊ पर्ससीनवर आहे, त्याच्या पगारावर आमचं घर चालतं" असं सरळ लिहिलं असतंस तर "किती मिळाले" विचारणाऱ्याला विचारायला काय उरलं असतं?

आणि खरं सांगू का, तुझ्याकडे जे सगळ्यात भारी आहे ते लेखात नाहीच, ते मला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आहे. रापण ओढून झाली, बाबा डाव्या दोराला होते, जाळं काठाला लागलं तर आत कचरा नि मूठभर मासळी, माणसं वाटे न घालताच उठली. त्याच रात्री भावाचा फोन, आज बांगड्याने बोट भरली, तांडेल (बोटीचा म्होरक्या) खूश आहे, आणि बाबा नुसतं "बरा झाला" म्हणाले नि फोन तुझ्या हातात दिला. हे लिही ना! यात तू रापणीची का पर्ससीनची ते कोणी ठरवून दाखवावं. मतं नंतर येऊ देत, नाही आली तरी चालेल.

जिथे कागद आहे तिथे मात्र ठाम राहा. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी लाइट लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तिथे "असं ऐकिवात आहे" कशाला? शिवाय तू दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंयस. परवाना घेऊन हंगामात जाणारी पर्ससीन आणि लाइट मारणारी बोट कायद्याला एक नाहीत, त्यामुळे शेठ चिडला त्यात निदान एवढं तरी त्याचं खरं आहे. (बाकी पोटावर उठण्याचं वगैरे सोडून दे, ते सगळेच शेठ म्हणतात.)

टोपणनावाचं म्हणशील तर ते काही भित्रेपणाचं लक्षण नाही. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आपल्याच ब्राह्मण समाजावर कोरडे ओढले ते लोकहितवादी या नावानेच. पण तुमच्या स्मरणिकेत टोपणनाव घेऊन उपयोग काय, दुसऱ्या ओळीला ओळखतील. दुसरी तऱ्हा र. धों. कर्व्यांची, मुरुडच्या धोंडो केशवांचे चिरंजीव. १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक स्वतःच्या नावाने चालवलं, अश्लील म्हणून शिक्का बसला, १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला, वकील होते डॉ. आंबेडकर, तरी दंड झालाच. पुढे पण ते तसंच रोखठोक लिहीत राहिले. म्हणजे शिक्का टळतोच असं मी तुला खोटं सांगणार नाही.

फक्त एक, कर्व्यांच्या लिखाणाचा दंड कर्व्यांनाच झाला, तुझ्या लेखाची किंमत भाऊ भरेल. म्हणून छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखव, फोनवर दाखवलंस तरी चालेल. तो नको म्हणाला तर त्याचा भाग निमूट काढ, आणि मग पर्ससीनवर लिहूच नकोस, नुसतं रापणीवर लिही, त्याला तुला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : मी कुडाळला कॉलेजला आहे. आजीच्या आजारपणावर मालवणीत लिहिलं तर मित्र हसले, म्हणे भारी कॉमेडी. प्रमाण मराठीत लिहू काय?

उत्तर : अरे, नाटकांनी मालवणीला हसवायच्या कामाला जुंपलीय त्याला आजी काय करणार! देवळातलं गाऱ्हाणं मालवणीतच घालतात ना, तिथे हसतं का कोणी? आजी बोलते ते मालवणीतच ठेव, तुझं निवेदन कशात ते तू ठरव. मित्रांना नको, आजीला ओळखणाऱ्या कोणाला तरी वाचायला दे. आणि मला पाठव, हजार शब्दांच्या वर नको, आमच्याकडे पानं कमी आहेत.