तीन दिवसांच्या वासराला गोचीड ताप: आधी गायीचं रक्त तपासा

प्रश्न (आरे दुग्ध वसाहत, गोरेगाव): आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय व्याली. तिसऱ्याच दिवशी वासरू मलूल झालं, ताप 105 अंश, दूध ओढेना. डॉक्टरांनी रक्त पाहून थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या रक्तातल्या परजीवीचा ताप, असल्याचं सांगितलं. पण वासराच्या अंगावर एकही गोचीड नव्हता. मग रोग आला कुठून?

उत्तर: रोग गोचिडातूनच आला, पण तो गोचीड वासराला नाही, गायीला चावलेला होता.

दिवसांचा हिशेब मांडून बघा. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. लाळेतून आत गेलेला परजीवी आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, गाठी सुजवतो आणि मग तांबड्या पेशींत शिरतो. एवढं सगळं तीन दिवसांत उरकत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच वासरू असं आजारी पडलं, तर लागण पोटात असताना झाली असंच धरून चाला.

गायीच्या वारेत (गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटात) आईचं आणि गर्भाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये पेशींचे थर असतात. एरवी हा पडदा चांगली राखण करतो. पण गाभणपणात गायीला रोगाचा जोर झाला, रक्तात परजीवी वाढले आणि वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा झाली, तर रोगट पेशींना पलीकडे जायला वाट मिळते, असं मानलं जातं. हे सर्रास घडत नाही, तरी आपल्या देशात जन्मतःच थायलेरिया आढळलेल्या वासरांच्या नोंदी झालेल्या आहेत. ॲनाप्लाझ्मा या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या रक्तरोगात तर वारेतून होणारी लागण चांगलीच माहीत आहे. घोड्यांतही तेच: थायलेरिया झालेली घोडी बरी दिसली तरी जंतू अंगात बाळगून असते, तिचा गर्भ पडतो किंवा शिंगरू कावीळ घेऊनच जन्मतं. कुत्रीकडून पिल्लांना पोटातच बबेसिया हा रक्तातला परजीवी गेल्याचंही सिद्ध झालं आहे.

नवजात वासराकडे रोज दोन मिनिटं द्या. खांद्याच्या पुढे, मान सुरू होते तिथे, बोटं सपाट ठेवून कातडी मागेपुढे सरकवा. निरोगी वासरात तिथली गाठ जेमतेम लागते. रोगात ती लिंबाएवढी हाताला येते. मग खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग गुलाबी हवा. पांढरट किंवा पिवळट दिसला तर संध्याकाळची वाट पाहू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा. थायलेरियावर ब्युपारव्हॅक्वोनचं इंजेक्शन लवकर दिलं तर गुण येतो. रक्त फार कमी झाल्यावर दिलं तर वासरू हाताशी लागणं कठीण.

गायीला आज ताप नाही म्हणून ती सुटली असं समजू नका. एकदा रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात थोडे परजीवी राहतात. ते इतके कमी असतात की काचपट्टीवर बरेचदा दिसतही नाहीत. त्यासाठी पीसीआर, म्हणजे रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी लागते. नमुना कसा आणि कुठे द्यायचा, हे तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. गाय आणि वासरू, दोघांचंही रक्त द्या. एकट्या वासराच्या नमुन्यावरून अर्धंच कळतं.

मुंबईच्या तबेल्यांबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे म्हशी जास्त आणि त्यांच्यातच चार-दोन संकरित गायी बांधलेल्या. म्हैस हा रोग बहुधा पचवते, पण परजीवी तिच्या रक्तात असू शकतो आणि गोचीड तो शेजारच्या गायीत नेतो. तेव्हा गाभण संकरित गाय म्हशींपासून वेगळी, कोरड्या जागी बांधा. बाहेरून गाभण जनावर आणलंत तर थेट दावणीला लावू नका. गोचीड काढून, रक्त तपासूनच आत घ्या.

थायलेरिया पसरवणारा हायलोमा गोचीड रक्त पिऊन खाली गळतो आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत दडून कात टाकतो. आपण औषध फवारतो जनावरावर आणि भिंत तशीच सोडतो, म्हणून गोचीड पुन्हा येतात. भेगा सिमेंटने बुजवा, कोपरे खरवडून काढा. गाभण जनावरावर कोणतं औषध, किती पातळ करून वापरायचं, ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. आणि एकच सुई सगळ्या गोठ्याला टोचणं आजपासून बंद. ॲनाप्लाझ्मा तसाही पसरतो.

प्रश्न (दहिसर): गाय रोगी निघाली तर वासराला तिचा चीक पाजायचा का?

उत्तर: पाजायचाच, आणि पहिल्या दोन तासांत. वारेतून वासराला आईची प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते, आणि दिवसभरानंतर वासराचं आतडं ती शोषून घेत नाही. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या वासराला सुमारे 3 लिटर चीक, थोडाथोडा करून द्या. चिकातून थायलेरियाची लागण होते असं समजून तो ओतून देणारे लोक मी पाहिले आहेत. असं कृपा करून करू नका, त्याने वासरू हगवणीने जातं. गाय इतकी आजारी असेल की चीकच नाही, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या निरोगी गायीचा द्या.

प्रश्न (गोराई): अशी गाय विकून टाकावी का?

उत्तर: घाई नको. पुढचं प्रत्येक वासरू रोगीच निघेल असं नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार पूर्ण करा, औषधानंतर दूध किती दिवस विकायचं नाही ते त्यांनाच विचारा आणि तेवढे दिवस पाळा. पुढच्या वेळी सातव्या महिन्यात भाकड काळ सुरू झाला की रक्त तपासून घ्या. थायलेरियाची लस जिवंत असते, ती गाभणपणाच्या शेवटी देत नाहीत. तिचा विचार वासरू दोन महिन्यांचं झाल्यावर करा.