चष्मा लावून तासन्‌तास क्लोज्ड-बॅक हेडफोन वापरायचा असेल, तर नवा घ्यावा की गाद्या बदलाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी बसून ऑडिओबुकचं वाचन करता, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स हेडफोन वापरता, चष्मा कायम असतो. दुपारपर्यंत कान तापतात, कानाच्या वर काडीपाशी दुखायला लागतं आणि कानाला टेकणाऱ्या गाद्यांचे काळे पोपडे गालाला चिकटतात. आता नवा हेडफोन घ्यावा का?

माझं मत विचाराल तर आत्ताच नको. आधी गाद्यांकडे बघा. मी रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचं काम करते, आणि अवघड बसणारा हेडफोन घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी हेच सांगते. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनमध्ये गादी ही नुसती कानाच्या आरामासाठी नसते. ती कानाभोवतीची हवा बंद करते, आणि त्या बंद हवेवरच सगळा बेस, म्हणजे खालचे जाड सूर, उभा असतो. गादी नीट टेकली नाही की बेस गळतो, म्हणून आपण आवाज वाढवतो, कान लवकर थकतात आणि तुमच्या कामात तर तोच आवाज बाहेर येऊन माइकमध्येही शिरतो.

हे स्वतः तपासून बघा. ५० हर्ट्‌झचा टोन, म्हणजे सलग एकसुरी जाड आवाज, हळू लावा. चष्मा लावून, रोजच्यासारखा हेडफोन घाला. मग दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर हलकेच दाबा. दाबल्यावर टोन एकदम भरदार झाला तर समजा, इतका वेळ फट होती. आता चष्मा काढून पुन्हा तसंच दाबून ऐका. चष्म्याशिवाय दाबल्याने फरक पडत नसेल, तर फट काडीमुळे आहे. तरीही पडत असेल, तर गादीच दबून गेलेली आहे. आतला फोम एकदा चपटा झाला की परत फुगत नाही.

काडीमुळे असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कामासाठी बारीक, चपट्या धातूच्या काडीची वेगळी फ्रेम करून घेणं. जाड प्लास्टिकच्या काड्या गादी आणि कवटीच्या मध्ये सापडतात. दुखतं ते तिथेच. जुना नंबर चालत असेल तर जुनी फ्रेमसुद्धा पुरेल. काडी कानावर नेहमीपेक्षा किंचित वर सरकवली तरी फरक पडतो.

आता गाद्यांचा प्रकार. मूळ गादीसारखी रेक्झिनची गादी बेस नीट धरते, पण गरम होते. ते कातडं म्हणजे पॉलियुरेथेन, आणि ते दमट हवेत आपोआप विघटित होतं. घाम आणि केसांचं तेल त्याला आणखी घाई करतात. त्यामुळे ठाण्या-मुंबईत किंवा कोकणात पोपडे निघणं हा तुमच्या वापराचा दोष नाही. खोक्यात न वापरता पडून राहिलेल्या गाद्याही अशाच जातात, म्हणून दोन-तीन जोड साठवून ठेवू नका.

व्हेलूरची, म्हणजे मखमली गादी गार राहते, काडीभोवती मऊ दबते आणि गालाला चिकटत नाही. पण कापडातून हवा जाते. एम५०एक्ससारख्या, रेक्झिन धरून बनवलेल्या हेडफोनवर मखमल चढवली की बेस हलका होतो आणि बाहेरचा पंखाही जास्त ऐकू येतो. तुम्ही मिक्सिंग करत नाही, वाचन करता. त्यामुळे बेस थोडा कमी झाला तर बिघडत नाही, मात्र माइकमध्ये गळती वाढली का ते एकदा रेकॉर्ड करून तपासा. मला विचाराल तर तुमच्यासाठी मधला मार्ग बरा: बाहेरून रेक्झिन, त्वचेला लागणारा भाग कापडी, आणि फोम मूळ गादीपेक्षा थोडा खोल. एम५०एक्सच्या मूळ गाद्या उथळ असतात, कानाची पाळी आत टेकते आणि तिथेही दुखतं. फार जाड गादी मात्र नको. कान ड्रायव्हरपासून, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या चकतीपासून, लांब गेला की वरचे सूर बदलतात, आणि ‘स’, ‘श’ ऐकून काम करणाऱ्याला ते जाणवतं.

गादी बदलताना कपभोवतीच्या खाचेत गादीची कड बसवायची असते. एका जागी कड अडकवा, तिथे अंगठा धरून ठेवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उरलेली कड ओढत गोल फिरा. घाईने दोन्ही बाजूंनी ओढली की शिवण उसवते.

हेडफोन नवा असून फार आवळत असेल, तर डोक्यापेक्षा किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवा. हातांनी बँड वाकवू नका. आणि फार सैलही करू नका, नाहीतर फट पुन्हा आलीच.

वाचताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटत असेल तर तो कान बंद केल्याचा परिणाम आहे. बरेच डबिंग कलाकार एक कान उघडा ठेवतात. तसं करताना सरकवलेला कप हवेत लटकू देऊ नका, कानाच्या मागे डोक्यावर टेकवा; किंवा इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीत, आवाज एकाच बाजूला वळवा.

केबलकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण मान दुखण्याचं ते एक मोठं कारण आहे. एम५०एक्सबरोबर ३ केबल येतात: ३ मीटरची सरळ, १.२ मीटरची सरळ आणि एक गुंडाळीची. गुंडाळीची केबल एका बाजूने सतत खाली ओढत राहते. बसून वाचायचं तर लांब सरळ केबल घ्या आणि टेबलाच्या कडेला एका हुकातून न्या, म्हणजे कपड्यांना घासल्याचा खरखर आवाज कपात येणार नाही. हेडफोनच्या बाजूचा जॅक २.५ मिमीचा, फिरवून बसणारा आहे. दुकानातली साधी ऑक्स केबल तिथे बसत नाही. इंटरफेससाठी लागणारा ६.३ मिमीचा अडॅप्टर जॅकवर फिरवून घट्ट बसवा आणि तिथेच राहू द्या.

स्वच्छतेला फार काही लागत नाही. काम संपलं की गाद्या कोरड्या सुती कापडाने पुसा. सॅनिटायझर लावू नका, रेक्झिन कडक होऊन लवकर तडकतं. पावसाळ्यात घाम सुकण्याआधी केसमध्ये कोंबू नका, उघड्यावर टांगा.

एवढं करूनही कान दुखलेच, तर बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ८० ओमचा घालून बघा. तो मुळातच मखमली गाद्या धरून बनवलेला आहे, कप प्रशस्त आहेत आणि कापडाची घडण असूनही बेस टिकतो. त्याची ३ मीटरची केबल मात्र निघत नाही. दुकानात स्वतःचा चष्मा लावून, निदान वीसेक मिनिटं घालून बसा. दोन मिनिटांत प्रत्येक हेडफोन आरामदायकच वाटतो.