बधिर हाताला स्पर्शाची ओळख

प्रश्न : वडिलांना दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. डावा हात थोडा हलतो, पण हातात काय आहे ते न पाहता कळत नाही. रोज टॉवेलने हात चोळतो, तरी फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : चोळणं वाईट नाही, पण त्यात मेंदूला काही ओळखावं लागत नाही. स्पर्शाला प्रश्न जोडा. कापूस आणि खरखरीत टॉवेल, एवढ्या दोनच गोष्टी घ्या. आधी उजव्या हातावर, मग डाव्या हातावर, डोळे उघडे ठेवून फिरवा. नंतर डोळे मिटायला सांगून ‘कोणतं?’ विचारा. चुकलं, तर डोळे उघडून पुन्हा तोच स्पर्श द्या. हा टप्पा गाळू नका. दहापैकी आठ उत्तरं बरोबर येऊ लागली की फरक बारीक करा : सुती-रेशमी कापड, पुढे किल्ली, नाणं, चमचा. पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. थकल्यावर निव्वळ अंदाज सुरू होतात.

गरम पाण्याची पिशवी मात्र नको, चटका कळेलच असं नाही. रोज त्वचा तपासा. हात सुजला, लाल-गरम झाला किंवा हलक्या स्पर्शानेही दुखू लागला, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.